दुसऱ्या मजल्यावरचं दार

भास्कर निखाडे यांनी मिठाची बाटली उचलून ताईसमोर धरली आणि भुवया उंचावल्या. तुमच्याकडे याला काय म्हणतात, असं त्यांना विचारायचं होतं. ताईनं चिमटीतून काहीतरी भुरभुरल्याची खूण केली. त्यांनी मान हलवली आणि जिभेच्या टोकाला बोट लावून आपल्याकडची खूण दाखवली. ताई हसली. तिच्या हसण्याला घशातून एक आवाज येतो, आणि परक्या माणसांत तो ऐकू जाऊ नये म्हणून ती एरवी तोंडावर पदर धरते. त्या दिवशी धरला नाही.

अकोल्याला स्टेशनजवळच्या एका हॉटेलात आम्ही जेवायला बसलो होतो. हॉटेलचं नाव लिहीत नाही. कुमुदताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. दोन वर्षांची असताना तापात तिचे कान गेले आणि बोलणं आलंच नाही. नाशिकला मूकबधिर मुलांच्या शाळेत ती शिवण शिकवायची. भास्करराव चंद्रपूरला एका छापखान्यात जुळारी होते, अक्षरांचे खिळे जुळवायचे. त्यांनाही ऐकू येत नव्हतं. दोघांच्या ओळखीच्या एका शिक्षकांनी स्थळ सुचवलं, आणि दोन्ही घरांना मध्ये पडेल असं गाव म्हणून अकोला ठरलं. बाबांना दम्यामुळे प्रवास झेपत नव्हता, म्हणून ताईला घेऊन मी आले होते. बरोबर माझी चार वर्षांची केतकी. त्यांच्याकडून थोरले भाऊ नामदेवराव आले होते.

नामदेवराव आणि मी घरादाराचं, नोकरीचं, आईवडिलांच्या तब्येतीचं बोलत होतो. आमच्या बोलण्याकडे त्या दोघांचं लक्ष नव्हतं. चंद्रपूरच्या आणि नाशिकच्या खुणा वेगळ्या. प्रत्येक वस्तूपाशी त्यांचं अडत होतं आणि अडलं की दोघांना मजा वाटत होती. मला ताईच्या खुणा लहानपणापासून येतात, पण त्या दिवशी निम्मं बोलणं माझ्या डोळ्यांदेखत निसटून गेलं. इतक्या वेगानं हात हलवताना मी तिला कधी पाहिलंच नव्हतं. आमच्याशी बोलताना ती सावकाश बोलायची, आम्हाला कळावं म्हणून.

जेवता जेवता केतकी पेंगायला लागली. भास्कररावांनी मला खुणेनं विचारलं आणि तिला खांद्यावर घेतलं. त्यांची खोली पहिल्या मजल्यावर, जिन्याला अगदी लागून होती. आमची दुसऱ्या मजल्यावर, लांब बोळाच्या मध्यावर. ते वरपर्यंत आले, केतकीला माझ्याकडे दिलं, ताईला नमस्कार केला आणि खाली गेले. नामदेवरावांना गावातल्या एका नातेवाइकाकडे जाऊन यायचं होतं. संध्याकाळी चहाला भेटू आणि काय ते बोलू, असं ठरलं.

खोली चांगली होती. नुकताच एसी बसवलेला, त्यामुळे खिडकीला उघडझाप नव्हती. एकसंध जाड काच आणि तिच्यावर काळी फिल्म. मला ते बरंच वाटलं, कारण केतकी दिसेल त्या खिडकीत चढायची.

मी ताईला विचारलं, मग?

 तिनं आधी केसांतल्या पिना काढून टेबलावर ठेवल्या. मग माझ्याकडे वळून हातांनी सांगितलं, "बाकीचे माझ्या तोंडाकडे बघतात. हा हातांकडे बघतो."

"म्हणजे हो?"

तिनं मान डोलावली. नंतर कितीतरी वेळ ती आरशासमोर उभी होती. केस विंचरत नव्हती, काही नाही. नुसती उभी. मी केतकीशेजारी आडवी झाले. बाबांना संध्याकाळी फोन करून काय काय सांगायचं, त्याची जुळवाजुळव करता करता माझा डोळा लागला.

ताईनं खांद्यांना धरून मला गदागदा हलवलं तेव्हा खोलीत अंधार होता. पडदा ओढलेला होता आणि वीज गेली होती. एसी बंद पडला होता. ताईचं नाक आधीपासून तिखट. तिनं नाकावर बोट ठेवलं आणि दाराकडे दाखवलं. मग मलाही वास आला. कापूस आणि रबर एकत्र जळावं तसा. बोळात माणसं धावत होती.

मी केतकीला कडेवर घेतलं आणि दार उघडलं. बोळाच्या वरच्या अर्ध्या भागात धूर भरला होता. इतका काळा आणि इतका जड, की छतच खाली आल्यासारखं वाटलं. जिन्याच्या बाजूनं तो आमच्याकडे येत होता. माणसं उलट्या दिशेनं पळत होती आणि कुणीतरी ओरडत होतं, "मागचा जिना, मागच्या जिन्यानं चला." मी त्या आवाजामागे निघाले. चारदोन दारं ओलांडली असतील नसतील, केतकीला ठसका लागला, माझे डोळे मिटले ते उघडेनात, आणि कोणाचा तरी जोरात धक्का लागून मी भिंतीवर आदळले.

ताईनं माझी वेणी धरली आणि मला खाली ओढलं. वेणीच धरली. दुसरं काही तिच्या हाताला लागलं नसावं. मी गुडघ्यांवर आले. खाली श्वास घेता येत होता. मी हात सोडवायला बघत होते, कारण पुढून "इकडे, इकडे" असं ऐकू येत होतं. ताईला ते ऐकू येत नव्हतं. तिला फक्त पुढचा धूर दिसत होता. एका हातानं मला ओढत आणि दुसऱ्या हातानं भिंत चाचपत ती मागे आली. कुठलं दार आमचं हे मला कळलं नसतं. तिनं आम्हाला आत ढकललं आणि दार लावलं.

मागच्या जिन्याच्या दाराला कुलूप होतं. त्या जिन्यात लग्नाच्या खुर्च्या आणि गाद्या रचून ठेवल्या होत्या. हे आम्हाला नंतर कळलं. "इकडे, इकडे" म्हणणारा माणूस आणि त्याच्यामागे गेलेले सगळे त्या दाराशी सापडले.

आत आल्यावर ताईनं पलंगावरची चादर ओढली, न्हाणीघरातल्या बादलीत बुचकळली आणि दाराखालच्या फटीत कोंबली. नळाला पाणी होतं तोवर तिनं बादली पुन्हा भरून घेतली. टॉवेल, माझी साडी, तिची नवीन साडी, सगळं ओलं करून दाराच्या कडांना दाबलं. ते वरून सुटून पडायला लागलं तेव्हा ती दाराला पाठ लावून जमिनीवर बसली, पाय पसरून पलंगाच्या पायाला टेकवले आणि पाठीनं सगळं रेटून धरलं. मी केतकीच्या तोंडावर ओला रुमाल धरला होता. केतकी रडत नव्हती. खोकत होती आणि दोन खोकल्यांच्या मध्ये माझ्याकडे बघत होती.

मी खिडकीवर मुठी मारल्या. पडदा फाडून काढला. खालचा रस्ता त्या काळ्या काचेतून संध्याकाळ झाल्यासारखा दिसत होता, आणि माणसं वर बघत उभी होती. त्यांना मी दिसत नव्हते. खुर्ची उचलून मारली तर खुर्चीचाच पाय मोडला.

तेव्हा दारावर आवाज झाला.

हातानं वाजवल्याचा आवाज नव्हता. खूप खालून येत होता, जमिनीलगत. कुणीतरी पडलेलं असावं आणि पाय मारत असावं, तसा. धप, धप. मग जरा थांबून पुन्हा. मी ओरडले, "कोण आहे?" उत्तर आलं नाही. इतर खोल्यांतून माणसं नावं घेऊन हाका मारत होती, देवाला हाका मारत होती. पण आमच्या दाराशी जे कोणी होतं ते एक शब्द बोललं नाही.

मी केतकीला पलंगाखाली ढकललं आणि दाराशी गेले. ताई हलली नाही. मी खुणा करून सांगायला लागले, बाहेर माणूस आहे, उठ. खोलीच्या वरच्या भागात धूर इतका भरला होता की माझी बोटं मलाच दिसत नव्हती. मी तिचा दंड धरून ओढलं. तिनं पाय आणखी घट्ट रोवले. तिला वाटलं असणार, मी पुन्हा बाहेर पळायला बघतेय. मग मला सुचलं. मी तिचा ओला टॉवेल गुंडाळलेला हात धरला आणि तळवा दाराच्या लाकडावर दाबून ठेवला. लाकूड गरम होतं. आम्ही दोघींनी श्वास धरला होता.

धप. माझ्या बोटांखाली तिचा हात होता आणि तिच्या हाताखाली ते लाकूड हललं.

मी तिचा चेहरा हातात धरून माझ्या अगदी जवळ आणला. तिनं नाही म्हणून मान हलवली. काही नाही. कोणी नाही. तिनं तळवा दारावरून काढून घेतला आणि माझा हात धरून ठेवला. हाताला ओला टॉवेल गुंडाळलेला होता, त्यामुळे तिला कळलं नसेल, असं मी तेव्हा समजले. मी पुन्हा तिला ओढणार, तेवढ्यात केतकीचा खोकला थांबला.

मी वळून पलंगाशी वाकले, खाली धूर विरळ होता. केतकी शुद्धीवर होती, पण डोळे अर्धे मिटले होते. ताईनं न्हाणीघराकडे हात केला आणि दोन्ही हातांनी काहीतरी उचलून फेकल्याची खूण केली. मला कळलं. फ्लशच्या टाकीवरचं चिनी मातीचं झाकण मी उचलून आणलं आणि त्याचा कोपरा काचेवर घातला. काच तडकली. पुन्हा घातला. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा ती फुटली आणि उजेड आत आला. मी केतकीला त्या भोकाशी धरलं. माझ्या दंडावर काचेचा व्रण अजून आहे.

खालच्या माणसांनी आम्हाला पाहिलं. बंब अजून गल्लीत शिरत होता. शेजारच्या मंडपवाल्याची माणसं बांबूची उंच शिडी घेऊन आली. आधी केतकी, मग मी. ताई दार सोडायला तयार नव्हती. शिडीवरच्या माणसानं आत उतरून तिला उचललं. ती उठली तशी ओली साडी दारावरून घसरली आणि धुराचा लोट खोलीत आला. मी शिडीच्या मध्यावर होते, तरी मला तो वरून जाताना दिसला.

दारावरचा आवाज त्याच्या कितीतरी आधी थांबला होता.

सरकारी दवाखान्यात केतकीला प्राणवायू लावला. ताईच्या पाठीची कातडी पट्ट्यापट्ट्यांनी सोलवटली होती, तिला आत नेलं. मी व्हरांड्यात बाकावर बसले होते. दिवस मावळताना नामदेवराव आले. ते नातेवाइकाकडे होते म्हणून वाचले. त्यांचे कपडे स्वच्छ होते. त्या व्हरांड्यात तेवढ्या एकाच माणसाचे कपडे स्वच्छ होते. ते माझ्याजवळ आले आणि उभेच राहिले.

"तुमची खोली कोणती होती जी?"

मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले.

"मंग बरोबर आहे," ते म्हणाले, "भास्कर त्याच दाराशी सापडला."

मला कळायला थोडा वेळ लागला. पहिल्या मजल्यावरची बहुतेक माणसं निसटली होती. जिना त्यांना जवळ होता, आणि धूर वर चढत होता. भास्कररावांची खोली तर जिन्याला लागूनच. दोन पायऱ्या उतरायचं तेवढं काम होतं. एका वेटरनं त्यांना खोलीबाहेर येताना पाहिलं होतं, हाताला धरून खाली ओढलंही होतं. ते हात सोडवून वर गेले. वर का गेले, हे आम्हा दोघांपैकी कोणी बोललं नाही. वरच्या मजल्यावर एका बाईला हाका ऐकू येणार नव्हत्या, हे त्या इमारतीत त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं?

"त्यानं दार वाजवलं का?" नामदेवरावांनी विचारलं.

"वाजवलं होतं," मी म्हणाले. "उघडता आलं नाही."

 मग काचेतून आत दिसणाऱ्या केतकीकडे त्यांनी पाहिलं. तिच्या तोंडावर मोठ्या माणसाचा मास्क होता, कपाळापर्यंत आलेला.

"पोरगी वाचली ना, बाई. बस्स," ते म्हणाले. आणि जाता जाता मागे वळून म्हणाले, "तुमच्या ताईले सांगू नका. तिले कशाले."

मी सांगितलं नाही. ताईनं विचारलं तेव्हा, ते जिन्यात सापडले, एवढंच सांगितलं. तिनं माझ्या हातांकडे बघून घेतलं. रडली नाही. उताणं झोपता येत नव्हतं म्हणून ती पालथी पडून होती, आणि चेहरा तिनं भिंतीकडे वळवला.

त्यानंतर तिच्यासाठी आणखी दोन स्थळं आली. तिनं बघायलासुद्धा नकार दिला. बाबा गेले, आणि ती माझ्याकडे राहायला आली. केतकी मोठी होताना शाळेतून आली की आधी मावशीकडे जायची, आणि तिच्या खुणा माझ्यापेक्षा सफाईदार झाल्या. मला कधी कधी वाटायचं, ताईला सांगून टाकावं. मग वाटायचं, एकजण वाहतेय तेवढं ओझं पुरे. हात गुंडाळलेला होता म्हणून तिला काही कळलं नाही, हे किती बरं झालं, असं मी स्वतःला सांगत आले.

आम्ही कुठे परगावी गेलो तर हॉटेलात ताई आधी बॅग ठेवायची नाही. जिन्यापर्यंत जाऊन यायची, एकदा नाही तर दोनदा, आणि दुसऱ्यांदा डोळे मिटून, भिंतीला हात लावून. दुसरा जिना असेल तर त्याचं दार ढकलून बघायची. ते उघडलं नाही तर आम्ही त्या हॉटेलात राहायचो नाही, बाहेर कितीही ऊन असो. खिडकी उघडते का ते बघायची. खाटेजवळ भरलेली बादली असायची. लोकांना ते विचित्र वाटायचं. माझे पती सुरुवातीला कुरकुरायचे, मग तेच पुढे होऊन मॅनेजरकडे जिन्याची चौकशी करायला लागले.

गेल्या वर्षी केतकीला नोकरी लागली आणि प्रशिक्षणासाठी तिला महिनाभर हैदराबादला जायचं होतं. कंपनीनं हॉटेलात सोय केली होती, नवव्या मजल्यावर. ताईनं तिला समोर बसवून सगळं पुन्हा पढवलं. दार उघडण्याआधी त्याला हाताची मागची बाजू लाव. गरम असेल तर उघडू नकोस. धूर असेल तर उभी राहू नकोस. केतकी हसत होती आणि हो हो करत होती. मग तिनं मावशीच्या गळ्यात हात टाकले आणि ती गेली.

रिक्षा वळली. आम्ही दोघी आत आलो. मी चहा टाकला. ताई स्वयंपाकघरात पाटावर बसली होती, भिंतीला टेकून. माझं लक्ष जावं म्हणून तिनं फरशीवर टाच आपटली, ती नेहमी आपटते तशी, आणि मी वळले.

"तो जिन्यात नव्हता," तिनं हातांनी सांगितलं.

मी गॅस बारीक केला. 

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही." तिनं हात मागे नेऊन पाठीला लावला. "इथे लागत होतं. तू माझा हात दारावर ठेवलास, त्याच्या आधीपासून."

 तिनं पुन्हा फरशीवर टाच आपटली, पण या वेळी ती हाक नव्हती. ती मला दाखवत होती.

"ऐकू येणारी माणसं दार हातानं वाजवतात," ती म्हणाली. "आणि ओरडतात. आम्ही जमीन हलवतो. आम्हाला माहीत असतं, पलीकडच्याला पायातून कळेल. ते तुझ्यासाठी नव्हतं. मला बोलावत होता."

"तुला तेव्हाच कळलं होतं? तोच आहे म्हणून?"

"पहिल्याच वेळी."

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला आणि तिच्यासमोर खाली बसले. इतकी वर्षं मी तिला वाचवत होते, आणि ती मला. दार उघडायला निघालेली मी होते. तिनं त्या दिवशी मान हलवली आणि तो निर्णय माझ्या हातून काढून स्वतःकडे घेतला, आणि मला पत्तासुद्धा लागू दिला नाही.

मी तिला का असं विचारलं नाही. विचारायची माझी हिंमत नव्हती, आणि गरजही नव्हती. पण तिनं सांगितलं. तिनं उजवा हात पुढे केला, तळवा खाली करून, जमिनीपासून थोडा वर. चार वर्षांच्या मुलीच्या डोक्याइतक्या उंचीवर.

"एवढीच होती," ती म्हणाली.

हात तसाच हवेत राहिला. खाली घ्यायचा तिला सुचेना. मग मीच तो धरून खाली आणला, आणि आम्ही तशाच बसून राहिलो.